स्नोब्लोअरला लाइट लावताय? आधी मीटर लावा

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, अंधारात स्नोब्लोअरने, म्हणजे बर्फ ओढून बाजूला फेकणाऱ्या मशीनने, बर्फ काढणं. साहजिकच आहे म्हणा. हिवाळ्यात दिवस मुळात चिमूटभर, त्यात बर्फ रात्रभर पडतो आणि गाडी उजाडायच्या आत बाहेर काढायची असते, म्हणजे मशीन चालवायची वेळ अंधाराचीच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या खेपेला ढकललेत, रागावू नका.

प्रश्न: काका, माझ्या स्नोब्लोअरला कंपनीचा लाइट नाही, पण इंजिनाच्या बाजूने एक सुटी वायर लोंबते, टोकाला गोल पिन आहे आणि तिला काही जोडलेलं नाहीये. मॅन्युअलमध्ये बघितलं तर ती लाइटसाठीच आहे, 12 व्होल्ट 18 वॅट असं लिहिलंय. मी जीपला वगैरे लावतात तसला चौकोनी एलईडी लाइट आणला, 27 वॅटचा, लाल वायर त्या पिनला लावली आणि काळी बॉडीला. लाइट लागतो पण नुसता थरथरतो, दहा मिनिटांत डोळे दुखायला लागतात, रेस कमी केली की अजूनच. लाइट खराब निघाला का?

उत्तर: लाइट बिचारा चांगला आहे, त्याला मिळणारा करंट त्याच्या पचनी पडत नाहीये. त्या वायरमधून येतो तो एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, आणि तुमचा एलईडी डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटवर चालणारा. इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकात, मॅग्नेट असतात, ते फिरता फिरता कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, समोरून जातात, एकदा उत्तर ध्रुव एकदा दक्षिण, आणि कॉइलमध्ये करंटही तसाच एकदा इकडे एकदा तिकडे धावतो. मध्ये बॅटरी नाही, काही नाही. जुन्या स्कूटर चालवलेल्यांना हे सांगायला नको, सिग्नलला थांबलं की हेडलाइट मरगळायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की परत भगभगायचा, तीच गत. फक्त त्यात फिलामेंटचा बल्ब होता, त्याला एसी काय नि डीसी काय, तार तापली की झालं, आणि तापलेल्या तारेला दोन झटक्यांच्या मधे गार व्हायला वेळच मिळत नाही म्हणून थरथर दिसायची नाही. एलईडीचं तसं नाही. करंट आला की पेटतो, गेला की त्याच क्षणी विझतो, आणि उलटा आला तर पेटतच नाही. म्हणजे तुमचा लाइट निम्मा वेळ चक्क बंद असतो. ही इंजिनं फुल रेसला साधारण 3,600 आरपीएमला फिरतात, म्हणजे सेकंदाला 60 फेरे, मॅग्नेटची एकच जोडी असेल तर लाइट सेकंदाला 60 वेळा लागणार आणि 60 वेळा विझणार, आणि रेस उतरवली की आकडा अजून खाली. डोळे दुखणारच.

डोळ्यांपेक्षा मला दुसरी भीती वाटते ती सांगून टाकतो. लाइट ज्या इंजिनाच्या फेऱ्यांवर लुकलुकतोय त्याच इंजिनावर बर्फ फेकणारा पंखाही पट्ट्याने फिरतोय. जत्रेतल्या पाळण्याची चाकं लुकलुकत्या दिव्यात मागे फिरल्यासारखी दिसतात ना, तसा फिरता पंखा किंवा ऑगर, म्हणजे पुढच्या तोंडातला बर्फ आत ओढणारा स्क्रू, अशा उजेडात हळू फिरतोय किंवा थांबलाय असं वाटू शकतं. मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला हा भास झाला तर काय होईल ते लिहीत नाही. तेव्हा थरथर घालवणं हे नुसतं सोयीचं काम समजू नका.

उपाय सोपा आहे. डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा, तसल्या चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर मिळतो, नखाएवढा किंवा फार तर काडेपेटीच्या निम्मा, चार पाय असलेला. दोन पायांवर लाटेची खूण असते तिथे कॉइलकडून येणाऱ्या दोन वायरी, उरलेल्या दोनांवर अधिक आणि उणे, तिथून लाइट. करंट कुठूनही येवो, बाहेर एकाच दिशेने जातो. मग त्याच अधिक-उणेवर एक कपॅसिटर आडवा लावायचा, 4,700 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा, म्हणजे दोन झटक्यांमधला खड्डा भरून निघतो. कपॅसिटर घेताना त्यावर उणे 40 ते अधिक 105 अंश असं लिहिलेला घ्या, साधे थंडीत मलूल होतात. आणि त्याचा उणे पाय, ज्या बाजूला पट्टा छापलेला असतो तो, उणेलाच लावायचा, उलटा लावलात तर फटाका होतो.

आता इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे म्हणून नीट वाचा. तुमच्याकडे इंजिनातून वायर एकच येते म्हणजे कॉइलचं दुसरं टोक आतमध्ये इंजिनाच्या बॉडीला बांधलेलं आहे. म्हणजे ब्रिजच्या एका पायाला ती वायर, दुसऱ्याला बॉडीवरून घेतलेली वायर, इथपर्यंत ठीक. पण मग लाइटची काळी वायर सवयीने बॉडीला लावायची नाही. मी लावली होती. गाड्यांवर काम करून हाताला तीच सवय, काळी म्हणजे बॉडी. लाइट लागला, मी खूश, आणि दोनेक मिनिटांनी जळक्या बेकलाइटचा वास, ब्रिजवर बोट ठेवलं तर फोड आला. कारण तसं केलं की करंटच्या अर्ध्या फेरीत एक डायोड कॉइलला सरळ शॉर्ट करतो, सगळा करंट लाइटला न जाता त्या डायोडमधूनच गरगरतो. म्हणून ब्रिज लावलात तर लाइटच्या दोन्ही वायरी ब्रिजवरूनच न्यायच्या आणि बॉडीला काही टेकू द्यायचं नाही. पुढचं कोणी सांगत नाही ते हे, की काही लाइटची ॲल्युमिनियमची बॉडीच आतून काळ्या वायरला जोडलेली असते. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक काळ्या वायरला आणि दुसरं लाइटच्या स्क्रूला लावा, बीप वाजला तर लाइट बसवताना नायलॉनचे वॉशर आणि बुश घालावे लागतील, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

एवढी कटकट नको असेल तर एकच डायोड घाला आणि त्याच्या पुढे कपॅसिटर, मग काळी वायर बॉडीला लावली तरी चालते. पण अर्धी ताकद वाया जाते, आणि तुमच्याकडे मुळात 18 वॅटच आहेत.

त्यावरून आठवलं, 18 वॅटच्या कॉइलवर 27 वॅटचा लाइट हे गणितच बसत नाही. कॉइल जळणार नाही, ती देईल तेवढंच देईल, पण लाइटमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, व्होल्टेज पडलं की अजून करंट ओढायला बघतो, त्याने व्होल्टेज अजून पडतं आणि लाइट मध्येच फडफडतो. लाइट खरंच किती खातो ते मोजा, स्वस्तातल्या लाइटवर छापलेले वॅट आणि खरे वॅट यांची गाठ क्वचित पडते. 12 व्होल्टच्या बॅटरीला लावून मीटरने अँपिअर बघा, एक अँपिअर म्हणजे 12 वॅट. बारा-पंधरा वॅटच्या आत असेल तर आहे तोच ठेवा.

प्रश्न: माझ्या मशीनला कंपनीचाच हॅलोजन होता, पिवळट उजेड, काही दिसत नाही. त्याच्या जागी 6 वॅटचा एलईडी बल्ब घातला, पाकिटावर एसी डीसी दोन्ही चालतं असं होतं, 12 व्होल्ट. पहिल्या दिवशी झकास. तिसऱ्या दिवशी गेला. दुसरा आणला, तो पण आठवड्यात गेला. दुकानदार म्हणतो थंडीने जातात.

उत्तर: थंडीने नाही हो, उलट एलईडीला थंडी मानवते. तुमचा बल्ब मेलाय तो व्होल्टेज जास्त झाल्यामुळे, आणि गंमत अशी की ते जास्त झालं हॅलोजन काढल्यामुळे.

त्या कॉइलवर लिहिलेलं 12 व्होल्ट हे तिच्यावर पूर्ण भार असतानाचं असतं. हॅलोजन 18 वॅट ओढत होता म्हणून कॉइल दबून बारा-तेरावर राहत होती, बैलगाडीत धान्याची पोती असली की बैल सरळ चालतो तसं. पोती उतरवून एक पिशवी ठेवलीत, बैल उधळला. माझ्याकडच्या एका इंजिनावर मी मोजलं होतं, फुल रेसला काहीही जोडलेलं नसताना 28 व्होल्ट एसी, जुना बल्ब लावला की साडेबारा, 6 वॅटचा एलईडी लावला की 22. आणि हे मीटर दाखवतो ते सरासरीच्या जातीचं व्होल्टेज, लाटेचं शिखर त्याच्या 1.41 पट असतं, म्हणजे 22 चे झाले 31. कपॅसिटर लावला की तो या शिखरापर्यंत भरतो. तुमच्या बल्बवर 12 लिहिलंय, त्यानं तीन दिवस काढले हेच पुष्कळ झालं.

तेव्हा सगळ्यांनाच सांगतो, लाइट विकत घ्यायच्या आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक लाइटच्या वायरला एक बॉडीला, मशीन उघड्यावर घेऊन फुल रेसला किती येतं ते लिहून ठेवा, मग आयडलला किती ते लिहा, मग जो लाइट लावणार तो जोडून परत. उघड्यावर असं मुद्दाम म्हणतोय, बाहेर थंडी आहे म्हणून गॅरेजचं दार ओढून आत इंजिन चालवायचं नाही, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

तुमच्या केसमध्ये दोन रस्ते. एक, ब्रिज आणि कपॅसिटरच्या पुढे बक कन्व्हर्टर म्हणून छोटं मॉड्यूल मिळतं ते टाका, 60 व्होल्टपर्यंत काहीही खाऊन बाहेर स्थिर 12 देणारं, रबरी कवचात बंद केलेलं मिळतं तेच घ्या, उघडा बोर्ड बर्फात टिकत नाही. दोन, ज्यावर 10 ते 30 व्होल्ट किंवा त्याहून मोठी रेंज लिहिलीय असा लाइट घ्या, पण तुमचं शिखर 30 च्या वर जात नाही हे मोजून मगच. मोटारसायकलचे रेग्युलेटर-रेक्टिफायरही काही जण लावतात, चालतात, पण त्यातले बरेचसे बॅटरी सोबत असेल या हिशेबाने बनवलेले असतात आणि बॅटरीशिवाय काहीबाही वागतात. मला विचाराल तर कन्व्हर्टर.

प्रश्न: वायरिंगचं सगळं जमलं. दोन लाइट हँडलच्या वर, डॅशच्या दोन्ही टोकांना लावले, भरपूर उजेड. पण बर्फ पडत असताना मला समोरचं काहीच दिसत नाही! नुसती पांढरी भिंत. लाइट बंद केला की उलट बरं दिसतं. माझी बायको म्हणते एवढा खर्च करून अंधारच विकत घेतलास.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. दाट धुक्यात गाडी चालवताना अप्पर मारला की काय होतं? समोर दूध सांडल्यासारखं होतं आणि रस्ता जातो. तेच इथे. लाइट डोळ्यांच्या जवळ आणि डोळ्यांच्याच उंचीला असला की उडणाऱ्या प्रत्येक कणावर पडलेला उजेड सरळ परत डोळ्यात येतो. लाइट डोळ्यांपासून जितका खाली आणि जितका बाजूला तितका हा त्रास कमी, हे एक सूत्र धरा आणि वॅटचा नाद सोडा. दुप्पट उजेड केलात तर भिंत दुप्पट पांढरी होईल, बाकी काही नाही.

खाली नेला की दुसरा एक फायदा होतो तो जास्त मोठा आहे असं मला वाटतं. पांढऱ्या बर्फावर वरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं, कुठे ढीग, कुठे खळगा, कुठे कडेचा दगड डोकं काढून बसलाय, काही कळत नाही. तोच उजेड खालून तिरका टाका, प्रत्येक उंचवट्याला सावली पडते. सावली नसेल तर बर्फात आकार दिसत नाहीत. संध्याकाळी कललेल्या उन्हात शेतातल्या सऱ्या कशा एकेक मोजता येतात, आणि दुपारी बाराला तेच शेत पाटासारखं दिसतं.

मग किती खाली? अगदी पुढच्या लोखंडी तोंडावर नको. तिथे बर्फाचा मारा, उडालेले खडे, आणि हादरे सगळ्यात जास्त, आणि मशीन ढिगात शिरलं की लाइटही ढिगातच. माझ्या मशीनवर दोन्ही लाइट इंजिनाच्या उंचीला, हँडलचे दोन दांडे जिथे चाकांच्या वरच्या पत्र्याला बोल्ट केलेत तिथे, बाहेरच्या बाजूला पत्र्याचे एल आकाराचे तुकडे वाकवून त्यांवर बसवलेत. तिथून बर्फ फेकणारी नळकांडी, जिला सगळे शूट म्हणतात, ती मध्ये उभी असते तिची सावली पडते खरी, पण दोन बाजूंनी दोन लाइट असल्यामुळे एकाची सावली दुसरा पुसतो. एकच लाइट असेल तर शूटच्या ज्या बाजूला लावाल तिची दुसरी बाजू काळी राहणार.

आणि दोघांना वेगवेगळे स्विच द्या. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. शूट डावीकडे वळवलं की उडणारा बर्फ डाव्या लाइटच्या झोतातूनच जातो, वारा आडवा असेल तर विचारूच नका. तेवढ्या वेळ डावा बंद, उजवा चालू. परत येताना उलट. कॉइलवरचा एक लाइट बंद केला की दुसऱ्याकडे व्होल्टेज चढतं हे वर आलंच आहे, तेव्हा कन्व्हर्टर असेल तरच हे करा.

झोत पसरणारा घ्या, फ्लड म्हणतात तो. लांब जाणारा स्पॉट घेऊन काय करणार, आपण चालतोय सावकाश, पुढचे पाचसहा मीटर दिसले तर भरपूर. रंग 6,000 केल्विनच्या निळ्या-पांढऱ्यापेक्षा 4,000 किंवा त्याखालचा जरा उबदार असेल तर बर्फावर कमी टोचतो, हे माझ्या डोळ्यांचं मत, तुमचे डोळे तुमचे.

भोक पाडायच्या आधी लाइट नुसते क्लॅम्पने किंवा दोरीने बांधून एक रात्र चालवा. माझी पहिली जागा चुकली होती, भोकं अजून आहेत. आणि बांधलेलं किंवा बसवलेलं काहीही हँडलचे लिव्हर सोडल्यावर परत वर येण्याच्या आड येता कामा नये, हात सोडला की ऑगर थांबलाच पाहिजे.

प्रश्न: माझ्या इंजिनाला लाइटची वायरच नाही. फ्लायव्हील काढून आत कॉइल बसवता येते असं ऐकलंय. करू का?

उत्तर: काही इंजिनांना कॉइल बसवायची जागा आणि भोकं तयार असतात, पण फ्लायव्हीलमध्ये तिच्यासाठी मॅग्नेट आहेत का ते आधी बघावं लागतं. इग्निशनपुरताच मॅग्नेट असेल तर फ्लायव्हीलही बदलायला लागतं. शिवाय ते काढायला पुलर लागतो, हातोडीने ठोकून काढणारे आहेत आणि त्यांची वाकडी झालेली फ्लायव्हीलंही मी बघितलीत. तुमच्याकडे पुलर आणि टॉर्क रेंच असेल तर करा, नाहीतर बॅटरी लावा. बॅटरीचा करंट मुळातच डीसी, थरथर नाही, आयडलला मंद नाही, वरची सगळी भानगड टळते.

सीलबंद लेड-ॲसिड 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर घेतली आणि लाइट 10 वॅटचा, तर कागदावर आठ तास होतात. थंडी आणि बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हे धरलं की तीन-चार तास समजा, एवढा वेळ कोणी बर्फ काढत नाही. फक्त काम झालं की चार्ज करूनच ठेवा, भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते गोठतं आणि डबा फुटतो.

ड्रिलची 18 व्होल्टची लिथियम बॅटरी घरात असते, तिचा खाचा बसणारा अडॅप्टर मिळतो, 10 ते 30 व्होल्टचा लाइट तिच्यावर सरळ चालतो, पूर्ण भरलेली असताना ती 21 व्होल्ट देते तरी चालतं. हलकी, सुटसुटीत, काम झालं की काढून घरात. दोन गोष्टी सांभाळा. ड्रिलमध्ये बॅटरी फार उतरली की ड्रिल स्वतः थांबतं, लाइटला ती अक्कल नाही, तो बॅटरीला पार पिळून काढेल आणि मग ती चार्जच होणार नाही, म्हणून लो व्होल्टेज कटऑफवाला अडॅप्टर घ्या. दुसरं, कुठलीही लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आत धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते. घरात आणा, तिची थंडी उतरू द्या, मग चार्जर. बॅटरी कुठलीही असो, फ्यूज तिच्या अगदी जवळ, अधिकच्या वायरवर. 10 वॅटच्या लाइटला 3 अँपिअरचा पुरे.

प्रश्न: बॅटरीवर चालणारा स्नोब्लोअर आहे, 56 व्होल्टचा. त्याच्याच बॅटरीवरून वायर ओढून लाइट लावला तर?

उत्तर: नका. 56 व्होल्टने 30 व्होल्टचा लाइट क्षणात जाईल, कन्व्हर्टर टाकलात तरी पॅक आणि मशीन आपसात तिसऱ्याच वायरीवर काहीतरी बोलत असतात त्यात तुम्ही नाक खुपसणार, आणि वॉरंटी जाईल ती वेगळीच. वेगळी छोटी बॅटरी लावा, वरचं उत्तर वाचा.

प्रश्न: एलईडी लावल्यापासून काचेवर बर्फ साठून राहतो, जुन्या बल्बला हा त्रास नव्हता. काही फवारा वगैरे?

उत्तर: जुना बल्ब उजेड कमी आणि उष्णता जास्त द्यायचा, बर्फ आपोआप वितळायचा. एलईडी तापतो तो मागच्या बाजूने, काच गारच. सिलिकॉन स्प्रे किंवा गाडीचं वॅक्स काचेवर चोळा, लाइट थोडा खाली झुकवा, वर पत्र्याचा छोटा छज्जा लावा. ओला बर्फ असेल तर तरीही चिकटणार, हातमोज्याने पुसायचा. थांबून, लिव्हर सोडून.

प्रश्न: दर महिन्याला वायर तुटते. नेहमी डाग दिलेल्या ठिकाणीच. चांगला जाड डाग देतो तरी.

उत्तर: जाड देताय म्हणूनच तुटते. एक सिलेंडरचं इंजिन म्हणजे सतत हादरा. डाग दिलेली वायर तिथे काडीसारखी कडक होते आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होते, बरोबर त्या रेषेवर मोडते, पेपरक्लिप मागेपुढे वाकवून मोडतो तशी. क्रिम्पचे लग, म्हणजे वायरीवर दाबून बसवायची टोकं, वापरा, दाबायचं हत्यार बऱ्यापैकी घ्या, पक्कडीने चेपू नका, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. डाग द्यायचाच असेल तर डागाच्या पुढची वायर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कशाला तरी बांधून टाका म्हणजे तिथे हालचालच होणार नाही. वायर एका तारेची नको, बारीक तारांची. साध्या पीव्हीसीचं कव्हर गोठलं की तडकतं, सिलिकॉनचं मऊ राहतं. लाइटपाशी वायरला एक सैल वळसा ठेवा. सायलेन्सरपासून लांब, आणि शूट दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा वायर ताणली जात नाही ना. प्लॅस्टिकचे टाय थंडीत पटापट तुटतात, रबर लावलेले लोखंडी क्लॅम्प मिळतात ते बरे. नट नायलॉकचे. हे सगळं करताना स्पार्क प्लगची टोपी काढलेली असू द्या.

प्रश्न: एवढं सगळं वाचून दमलो. डोक्याला टॉर्च बांधून काम होत नाही का?

उत्तर: होतं की. स्वच्छ रात्र असेल, बर्फ पडायचा थांबला असेल तर डोक्यावरच्या टॉर्चसारखं काही नाही, जिकडे बघाल तिकडे उजेड. पण पडत असताना किंवा वाऱ्यावर उडत असताना ती बरोबर डोळ्यांच्या वर असते, म्हणजे तिसऱ्या प्रश्नातली पांढरी भिंत, अजून जवळून. शिवाय रस्त्याकडेला काम करत असाल तर समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जाते. त्याला तुम्ही दिसायला हवे असाल तर अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला आणि मशीनच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर लावा.

तरी टॉर्च जवळ हवीच, ती वेगळ्या कारणासाठी. कॉइलवरचा लाइट इंजिन चालू आहे तोवरच. ओल्या बर्फाने शूट तुंबलं की इंजिन बंद करायचं आणि किल्ली काढायची, म्हणजे नेमकं बघायची वेळ येते तेव्हा अंधार. या अंधाराला कंटाळून लोक इंजिन चालू ठेवून आत डोकावतात, हात घालतात. इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबेपर्यंत उभं राहायचं, मग मशीनसोबत येते ती प्लॅस्टिकची दांडी घालून तुंबलेलं काढायचं, हात नाहीच. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण अडकलेला असू शकतो आणि गोळा सुटला की पंखा अर्धा फेरा झटकन मारतो. माझी छोटी टॉर्च त्या दांडीलाच रबरबँडने बांधलेली असते, दांडी काढली की टॉर्च हातात येतेच.